जवळच्या खिळ्यावरची किल्ली

मे महिन्यातली दुपार होती. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली उभ्या सायकलीच्या सीटवर हात टेकवत नव्हता, अशी. शाळेला सुट्टी. मी फाटकाजवळच्या माझ्या खोलीत माठाला टेकून बसलो होतो.

शिपाई म्हणून माझा जन्म या शाळेत गेला. निवृत्त झालो, पण संस्थेनं खोली काढून घेतली नाही आणि किल्ल्याही माझ्याकडंच राहिल्या. दारामागं एक फळी आहे, तिच्यावर खिळे मारलेत. जी किल्ली सारखी मागतात ती दाराजवळच्या खिळ्यावर. जी वर्षातून एकदा लागते ती पार आत, कोपऱ्यात. मला वाचता येत नाही, म्हणून किल्ल्यांना चिठ्ठ्या बांधलेल्या नाहीत. जागाच ठरलेल्या.

सिद्धेश्वरी बाई दारात आल्या. आमच्या शाळेत पोरींना कॉम्प्युटर त्याच शिकवतात. अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलणाऱ्या, माझ्यासारख्याच.

"मामा, वरची खोली उघडता का? सर्व्हर बघायला माणूस आलाय."

मी हात लांब केला आणि जवळच्या खिळ्यावरची किल्ली काढली. त्या दोन वर्षांत तीच किल्ली सगळ्यात जास्त लागत होती. का, ते सांगतो पुढं.

कॉम्प्युटरची खोली वरच्या मजल्याच्या टोकाला आहे. चपला बाहेर काढायच्या. धूळ येऊ नये म्हणून खिडक्या बंद आणि वर काळे पडदे. त्यामुळं भर दुपारी आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. तापलेल्या प्लास्टिकचा वास. कोपऱ्यात काचेच्या कपाटात सर्व्हर. खंडेनवमीला आम्ही त्याचीही पूजा करतो, त्याच्या कपाळावर हळदकुंकवाचं बोट अजून होतं. आत पंखा फिरतो, रात्रंदिवस. घूं... असा एकच आवाज. सवय झाली की ऐकू येत नाही.

आलेल्या माणसाचं नाव देवदत्त. गोड माणूस. जुळे सोलापूर भागात राहणारा. मी पाणी दिलं तर आधी मलाच म्हणाला, "तुम्ही प्या, मामा. जिना चढून दम लागलाय तुम्हाला."

बाईंनी त्याला दुखणं सांगितलं. सगळ्या पोरींचं काम त्या एका सर्व्हरवर असतं. पोरगी कुठल्याही कॉम्प्युटरवर बसली तरी तिचा कप्पा तिथूनच उघडतो. पण वर्षभरात सगळं मंद होत गेलं होतं. मार्चमध्ये शिष्यवृत्तीच्या सरावाची परीक्षा घेतली, तेव्हा पानंच उघडेनात. लिहिलेली उत्तरं जागच्या जागी गेली. पोरी रडत बाहेर आल्या.

देवदत्त कामाला लागला. हिरवे दिवे लुकलुकणारी एक जुनी पेटी काढून नवी बसवली, वायरी उपसून परत खोचल्या. मी स्टुलावर बसून बघत होतो. मग त्यानं मला समजेल असं सांगितलं.

"मामा, सर्व्हर म्हणजे तुमच्यासारखाच. भांडार सांभाळतो. जे सारखं सारखं मागतात ते तो आतून आणत बसत नाही, हाताशी ठेवतो."

"दाराजवळच्या खिळ्यावर," मी म्हणालो.

"बरोब्बर. आता हा हाताशी काय धरून बसलाय ते बघू. तेवढ्यापायी बाकीच्या पोरींना जागाच उरलेली नाही."

बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं.

आता निंगव्वाचं सांगतो.

निंगव्वा शाळेत पोरींची खिचडी शिजवायची. मैंदर्गीची. नवरा लवकर गेलेला. मी तिच्या गावाकडचा, म्हणून ती मला अण्णा म्हणायची. या शाळेत मला अण्णा म्हणणारी ती एकटीच, बाकी सगळे मामा म्हणतात. तिला एकच लेक, महादेवी. आठवीत होती. बडबडी, जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणारी. दिवाळीच्या सुट्टीत ताप आला आणि त्या तापात गेली.

आमच्यात मयताला जाळत नाहीत. मातीत बसवतात. मांडी घालून, पूजेला बसावं तसं. रुद्रभूमीत त्या पोरीला बसवलं तेव्हा निंगव्वा रडली नाही. फक्त म्हणाली, "तिला लई वेळ एका जागी बसवत न्हाय, अण्णा."

पुढं शाळा सुरू झाली. एक दिवस सिद्धेश्वरी बाईंना महादेवीच्या कप्प्यात एक आवाज सापडला. आठवीच्या पोरींनी माईकसमोर आपापली ओळख सांगायची होती, त्यातला. बाईंनी निंगव्वाला बोलावलं, कानाला हेडफोन लावून दिला.

'माझं नाव महादेवी. मी आठवीत शिकते. माझी आई याच शाळेत खिचडी करते. तिच्या हाताला सारखा जिऱ्याचा वास येतो. मला कॉम्प्युटर आवडतो. बस्स, एवढंच.'

आणि शेवटी हसणं. एवढंच होतं.

त्या दिवसापासून निंगव्वा रोज दुपारी भांडी घासून झाली की माझ्या दारात यायची. "अण्णा, किल्ली द्या की जरा." वर जायची, शेवटच्या ओळीतल्या, भिंतीकडच्या कॉम्प्युटरवर बसायची. बाईंनी तिला शिकवलं होतं, कुठं बोट दाबायचं ते. कोण नाही म्हणणार? आईच ती.

पण पुढं पुढं ती जास्त वेळ बसायला लागली. तेवढ्याशा बोलण्याला तासभर कसा लागतो, असं मी मनात म्हणायचो. अंगानं वाळली. सगळ्या शाळेला वाढायची आणि स्वतःच्या ताटात घेतच नव्हती. मी विचारलं की म्हणायची, "जेवती की मागनं." तेवढ्यात एकदा कळलं, घरातल्या दोन्ही शेळ्या बहिणीला देऊन टाकल्या. मी म्हणालो, "निंगव्वा, असं आवरासावर का करायलीस?" तर हसली नुसती.

तर त्या दुपारी देवदत्तनं महादेवीच्या आवाजाची तीच फाइल काढली.

"बाई, ही एवढी मोठी कशी?"

"एका मिनिटाचीसुद्धा नाहीये ती," बाई म्हणाल्या.

"नाही. ही... ही तर संपतच नाहीये. आणि अजून वाढतीय. आत्ता, बघा."

त्यानं स्पीकर लावला. महादेवीचा आवाज खोलीत आला. माझं नाव महादेवी. मी डोळे मिटले. बस्स, एवढंच. हसणं.

आणि मग आवाज थांबला नाही.

आधी नुसतं घूं... त्याच खोलीतल्या पंख्याचं. मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मग काकणं वाजली. ती काकणं मी ओळखतो, रोज किल्ली घेताना वाजायची. आणि निंगव्वाचा आवाज, अगदी हळू, कानडीत, जवळ बसलेल्या माणसाशी बोलावं तसा. बर्तीन. येते म्हणून. बर्तीन, थोडं थांब.

"माईक कुठंय इथं?" देवदत्तनं विचारलं.

माईक नव्हता. आठवीचं काम झाल्यावर सगळे माईक खोक्यात घालून मीच खालच्या कपाटात ठेवले होते. कपाटाची किल्ली पार आतल्या खिळ्यावर.

देवदत्तनं पुढं सरकवलं. परत पंखा. परत काकणं. आणि मग लांबून, विहिरीतून यावा तसा, पोरीचा आवाज.

अव्वा... बा.

आई, ये. एवढाच शब्द. आणखी पुढं सरकवलं तर तोच शब्द जरा जवळून. आणखी पुढं, आणखी जवळून. जसं कोणी जिना चढत येतंय. बाईंच्या हाताला काटा आलेला मला दिसला. खोलीत जिऱ्याचा वास यायला लागला होता. सुट्टीत स्वयंपाकघर बंद, चूल थंड, आणि वरच्या मजल्यावर फोडणीचा वास.

तेवढ्यात लाइट गेली. सगळे कॉम्प्युटर विझले. कपाटातला सर्व्हर तेवढा बॅटरीवर चालू राहिला, टुक... टुक... करत. त्याच्या एका पडद्याचा उजेड आम्हा तिघांच्या तोंडावर.

स्पीकरही बॅटरीवरच होता. त्यातून आवाज आला, चपला काढल्याचा. एक, मग दुसरी. मग दाराची कडी वाजल्याचा.

आणि तिथं फाइल संपली.

मी दाराकडं बघितलं. दार बंद होतं. बाहेर कोणी नव्हतं.

मग जिन्यात पावलं वाजली. हळू, दमलेली. दाराशी आली. बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. एक, मग दुसरी. कडी वाजली.

निंगव्वा आत आली.

नवीन हिरवं इरकली लुगडं नेसली होती. केसांना तेल, कपाळाला विभूती. दोन वर्षांत मी तिला असं नेटकं बघितलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली आणि पदराच्या गाठीतली तिच्या घराची किल्ली सोडून माझ्या हातात दिली.

"अण्णा, ही ठिवा तुमच्याजवळ."

"कुटं निघालीस?"

"पोरगी बोलवाय लागलीया. रोज उद्या उद्या म्हंतीया मी. किती दिस थांबवायचं लेकराला?"

देवदत्त उठून उभा राहिला. त्याला सगळं समजलं नसेल, पण पुरेसं समजलं होतं. "मावशी," तो म्हणाला, "ही फाइल मी पुसतो. तुमच्यासाठीच पुसतो."

निंगव्वा त्याच्यावर चिडली नाही. "पुसा की. म्या कुटं न्हाय म्हंते? पण मग ती बसंल कुटं? मातीत लई अंधार हाय. हितं पंखा तरी हाय."

त्यानं मान खाली घातली. तरी बोट चालवलं. पडद्यावर काहीतरी आलं. परत चालवलं. परत तेच.

"काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं.

"फाइल वापरात आहे म्हणतंय. कुणीतरी ऐकतंय... शेवटच्या ओळीतल्या, भिंतीकडच्या मशीनवर."

आम्ही तिकडं बघितलं. तो कॉम्प्युटर विझलेला होता, सगळ्यांसारखाच. खुर्ची मात्र टेबलापासून जरा मागं सरकलेली होती, कोणी बसल्यावर सरकते तेवढी. निंगव्वा त्या खुर्चीकडं बघून हसली आणि चालायला लागली.

"थांब, निंगव्वा," मी म्हणालो.

तेव्हा सिद्धेश्वरी बाईंनी देवदत्तला बाजूला सारलं. पडद्यापुढं वाकल्या. महादेवीच्या कप्प्यावर तिचं नाव होतं, ते खोडलं आणि त्याजागी दुसरं काहीतरी लिहिलं.

मला वाचता येत नाही. पण त्या काय लिहितायत ते मला न वाचता कळलं. मी तरणा असताना आमच्या भागात एक साल असं आलं होतं की दुपारच्या, तिन्हीसांजेच्या वेळी दारात हाक यायची. घरातल्याच माणसाच्या आवाजात. ओ दिली की ओ देणारा जायचा. तेव्हा गावोगाव दारावर खडूनं लिहिलं होतं, नाळे बा. उद्या ये. हाक मारणारं यायचं, वाचायचं आणि माघारी जायचं. दुसऱ्या दिवशी परत तेच वाचायचं. माझ्या आईनं शेजारच्या मास्तरांकडून आमच्या दारावर लिहून घेतलं होतं. बाईंच्या आजीच्या दारावरही असणार. बाई एवढ्या शिकलेल्या, पण त्या घडीला हाताशी आलं ते आजीचं दार.

पडद्यावर ती अक्षरं दिसत होती. वरच्या रेघेला वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आधी एक लांब शब्द, मग एक लहान.

सर्व्हरचा आवाज बदलला. दमलेल्या माणसानं श्वास सोडावा तसा खाली आला. जिऱ्याचा वास गेला. निंगव्वा खुर्चीपर्यंत पोचली होती. तिनं खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, मग वळून आमच्याकडं बघितलं. तोंड लहान पोरासारखं झालं होतं.

"गेली की," ती म्हणाली. "उद्या यीन म्हणली."

मग मटकन खाली बसली आणि रडली. दोन वर्षांचं रडली. मी तिची किल्ली परत तिच्या पदराला बांधली. खाली नेऊन माझ्या खोलीत तिला भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. सगळी खाल्ली.

देवदत्तनं जाताना पैसे घेतले, पण मोजले नाहीत. फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, "मामा, ते नाव कुणाला बदलू देऊ नका."

जूनमध्ये शाळा भरली. सगळं भराभर उघडायला लागलं. पोरींची सरावाची परीक्षा नीट पार पडली, एकीचंही उत्तर गेलं नाही. निंगव्वा अंगानं भरली. रोज दुपारी किल्ली मागायची, वर जायची, बसते न बसते तोच परत यायची. मी बघितलं की म्हणायची, "उद्या." त्यात आता भीती राहिली नव्हती. बाजारात ओळखीचं माणूस भेटावं आणि दोघांनी आपापल्या वाटेनं जावं, तसं झालं होतं. किल्ली परत लावायच्या आधी मी रोज वर जाऊन पडदा बघून यायचो. लांब शब्द, लहान शब्द. दोन्ही जागेवर.

मग जानेवारी आला. गड्ड्याची यात्रा. अक्षतेच्या दिवशी, म्हणजे देवाच्या लग्नाला, सगळं सोलापूर पांढऱ्या कपड्यांत सिद्धेश्वराकडं लोटतं, आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. शाळा बंद. लांबून हलग्यांचा आवाज येत होता. निंगव्वा आली, किल्ली घेतली. "अण्णा, तुमी न्हाय गेला व्हय अक्षतेला?" म्हणाली. मी गुडघ्यावर हात मारून दाखवला. ती हसत वर गेली.

बराच वेळ झाला. हलग्या थांबल्या. मी जिना चढलो. दारात तिच्या चपला होत्या, नीट जोडून ठेवलेल्या. आत जिऱ्याचा वास कोंदलेला.

ती शेवटच्या ओळीत बसली होती. हेडफोन कानाला. मान जरा कललेली, कोणाचं तरी लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी. हात लावला तर गार.

मी कपाटातल्या पडद्याकडं बघितलं. लांब शब्द गेला होता. रेघेवर एकच लहान शब्द लोंबत होता.

बा.

बाईंनी शपथेवर सांगितलं की त्यांनी हात लावलेला नाही. तीन दिवस त्या गावातच नव्हत्या. खोलीची किल्ली माझ्याजवळ आणि निंगव्वाला तर लिहिता येत नव्हतं.

तिला लेकीशेजारी बसवलं. माती देऊन आम्ही परत आलो, तशा बाई थेट वर गेल्या. मीही गेलो. फाइल पूर्वीसारखी लहान झाली होती. बाईंनी ती लावली, म्हणाल्या, एकदाच ऐकते आणि पुसते. माझं नाव महादेवी. मी आठवीत शिकते. सगळं तेच. बस्स, एवढंच. मग हसणं. या वेळी हसणाऱ्या दोघी होत्या.

मला बरं वाटलं. खरंच सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. मी दाराकडं वळलो, चपला घालायला बाहेर पाऊल टाकलं. आणि मागून, त्या स्पीकरमधून, निंगव्वाचा आवाज आला.

अण्णा...

बाईंनी झटकन बंद केलं. पण त्या जवळ होत्या. पुढचा शब्द त्यांनी ऐकला. मी विचारलं, पण तो त्यांनी सांगितला नाही. मग खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात न देता स्वतःच्या पर्समध्ये टाकली. फाइल पुसता आली की नाही, तेही सांगितलं नाही. तेव्हापासून रोज सकाळी त्याच दार उघडतात, संध्याकाळी त्याच लावतात आणि किल्ली घरी नेतात. माझ्या फळीवरचा दाराजवळचा खिळा मोकळा आहे.

म्हणजे, काल संध्याकाळपर्यंत मोकळा होता.

आज रविवार. बाई किल्ली घेऊन अक्कलकोटकडं त्यांच्या गावी गेल्यात. दुपारी जेवून मी जरा आडवा झालो. डोळा लागला. काकणं वाजल्यासारखं झालं, म्हणून उठलो.

किल्ली जवळच्या खिळ्यावर होती. हलत होती अजून. मी काढून हातात घेतली, तर तिला जिऱ्याचा वास येत होता.